पारा एक, ऊन ज्याचे त्याचे

गुढीपाडवा उलटला की संध्याकाळच्या बातम्यांत आपण एक आकडा कान देऊन ऐकतो. आज आपल्या जिल्ह्याचा पारा किती चढला? एकेचाळीस? त्रेचाळीस? मग पारावर बसलेली मंडळी म्हणतात, "काल यापेक्षा कमी होता, पण काल जास्त भाजलं." कोणी म्हणतं, "मला तर आज काहीच जाणवलं नाही." दोघंही खरं बोलत असतात बरं का. आणि रेडिओवरचा आकडाही खराच असतो. मग फरक पडतो कुठं? आज त्याच विषयावर आपण बोलणार आहोत. ऊन आपल्या गावात किती पडलं हा एक प्रश्न. ते माझ्या अंगावर किती आलं, हा दुसरा प्रश्न. आजचं बोलणं आहे या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

पावसाचं उदाहरण घेऊ या, म्हणजे पटकन ध्यानात येईल. मंडलाच्या ठिकाणी पर्जन्यमापक असतो. तिथं वीस मिलिमीटर पाऊस नोंदला गेला म्हणून तुमच्या शिवारात वीसच पडला असेल असं तुम्ही कधी मानता का? नाही. मृगाचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे धूळ उडत असते. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. उन्हाचं मात्र आपण तसं मानत नाही. जिल्ह्याला एक आकडा, तोच सगळ्यांना लागू, असं धरून चालतो.

हा आकडा येतो कुठून ते पाहा. हवामान खात्याच्या केंद्रावर पांढरा रंग दिलेली, झडपांची एक लाकडी पेटी असते. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवलेला असतो. पेटीत ऊन थेट शिरत नाही, वारा मात्र खेळतो. म्हणजे आपण ऐकतो तो आकडा सावलीतल्या हवेचा आहे. जगभर एकाच पद्धतीने मोजता यावं म्हणून तशी व्यवस्था केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. पण आपली कारभारीण काही त्या पेटीत उभी राहून काम करीत नाही!

आता माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीच होती, म्हणून तो सांगणं मला भाग आहे.

२०२४ सालचा एप्रिल महिना. हळद शिजवण्याची शेवटची गडबड चालू होती. एका गावात मी सकाळी शेतकऱ्यांची बैठक घेतली. उन्हात काम करताना काय काळजी घ्यावी ते सांगितलं. डोक्याला रुमाल बांधा, पाणी प्या, दुपारी काम थांबवा. सगळ्यांनी मान डोलावली. बैठकीला एका घरातले दोघं भाऊ हजर होते. थोरला हळदीच्या कुकरपाशी काम करायचा. वरून ऊन आणि समोरून जाळ. धाकटा ट्रॅक्टरवर नांगरटीला जायचा, त्याच्या डोक्यावर छत होतं. थोरल्याची बायको सकाळी हळद वेचायला आणि दुपारी चुलीपुढं. आणि घरात त्यांची आई, वय सत्तरीच्या पुढं, पत्र्याच्या खोलीत.

मला काळजी वाटत होती ती थोरल्याची. तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात न्यावं लागलं ते आजीला.

आजी बाजेवर पडलेल्या होत्या. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. सुनेचा आवाज ओळखेनात. नशीब की धाकट्याने वेळेवर १०८ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत सुनेने त्यांना ओलं लुगडं गुंडाळून ठेवलं. आजी वाचल्या. पुढं आठवड्याने मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "साहेब, मी तर घरातच होते की! मला कशाचं ऊन लागतंय?"

त्या प्रश्नानं मी निरुत्तर झालो. बोलता बोलता सगळं उलगडलं. पत्रा दुपारी चुलीच्या तव्यासारखा तापायचा. चोर-चिलटाच्या भीतीने दार लावलेलं, त्यामुळं वारा नाही. रक्तदाबाची गोळी चालू होती, तिनं लघवी जास्त व्हायची. आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. उन्हात तिथवर जावं लागू नये म्हणून आजी दिवसभरात दोन पेल्यांच्या वर पाणीच पीत नव्हत्या. थोरला मात्र जाळापाशी असूनही दर थोड्या वेळाने निंबाखाली बसत होता आणि तांब्या तांब्या पाणी पीत होता. एकच घर, एकच पारा. पण चार माणसांची चार ऊनं. आणि मी सल्ला दिला तो फक्त बैठकीला आलेल्या माणसांना.

उष्णता अंगावर येते कशी?

शरीराला लागणारी उष्णता एका आकड्यात मावत नाही. बाहेरून चार गोष्टी काम करतात. पहिली, हवेचं तापमान. दुसरी, हवेतली आर्द्रता, म्हणजे दमटपणा. तिसरी, वारा. आणि चौथी, थेट उन्हाची, तापलेल्या पत्र्याची, भिंतीची किंवा जाळाची धग. शिवाय आतून पाचवी गोष्ट असते. काम जितकं जड, तितकी आपल्याच स्नायूंतून उष्णता तयार होते. ट्रॅक्टर उभा असताना आणि नांगर ओढताना त्याचं इंजिन सारखं तापतं का? तसंच हे.

ही उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य साधन एकच, घाम. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. माठ जसा पाझरून गार होतो, तसंच आपलं शरीर. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, कारण हवा दमट असते. आपल्या अंगाचंही तेच.

तुमच्यापैकी काहींनी कोरडा आणि ओला तापमापक पाहिला असेल. ओल्या तापमापकाच्या फुग्यावर भिजलेलं कापड असतं. समजा, विदर्भात हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के आहे. तर ओला तापमापक सुमारे २२ अंश दाखवील. कोकणात हवा ३४ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २९ अंश दाखवील. म्हणजे ३४ चा आकडा ऐकून कोकणातल्या माणसाने बेफिकीर राहू नये. त्याचा घाम वाळत नाही. विदर्भातल्या माणसाचा घाम वाळतो, पण इतका झपाट्याने वाळतो की किती पाणी गेलं ते त्याला कळतच नाही. दोघांचा धोका निराळा, म्हणून काळजीही निराळी.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे मोकळ्या मैदानावर भर दुपारी मोठा समारंभ झाला. त्यानंतर उष्माघाताने १४ माणसं दगावली. त्या दिवशी तिथं विदर्भासारखा ४५ चा पारा नव्हता. डोक्यावर छत नाही, हवा दमट, गर्दी आणि तासन् तास बसणं, या सगळ्याची बेरीज झाली.

या सर्व गोष्टी एकत्र मोजण्याची एक पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी शिक्षण छावण्यांत तयार झाली. कवायतीत जवान उन्हाने कोसळत असत, म्हणून ती शोधावी लागली. तिला वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात. तिच्यात ओल्या तापमापकाला १० पैकी ७ भाग, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २ भाग आणि साध्या हवेच्या तापमानाला अवघा १ भाग वजन दिलं जातं. बघा, ज्या आकड्यावर आपण सारी चर्चा करतो, त्याचं वजन दहात एक!

एकेका माणसाचं ऊन मोजणे

अलीकडच्या काळात आरोग्यशास्त्राचे अभ्यासक आणखी पुढं गेले आहेत. ते हवामान केंद्र माणसाच्या अंगावरच बांधतात म्हणा ना! सदऱ्याच्या बटणाएवढं लहानसं यंत्र असतं. ते पट्ट्याला, पिशवीला किंवा बुटाला अडकवायचं. माणूस जिथं जिथं जाईल तिथलं तापमान ते ठराविक वेळाने आपोआप टिपून ठेवतं. अमेरिकेत बोस्टन आणि फिनिक्स या शहरांत आणि अलाबामा राज्याच्या खेड्यांतही असे अभ्यास झाले. त्यात दिसून आलं की एकाच वस्तीत राहणाऱ्या माणसांनी एकाच आठवड्यात सोसलेली उष्णता सारखी नसते. कोण कुठं काम करतो, घर कसं आहे, घर गार ठेवायला पैसा आहे की नाही, यावर ती ठरते. हवामान केंद्राच्या आकड्यावरून ती नेमकी सांगता येत नाही.

याचा सार्वजनिक आरोग्याला उपयोग काय, असं कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला होता. पुढं अभ्यासकांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नेहमीच्या मे महिन्यापेक्षा त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं आढळलं. त्यावरून धडा घेऊन २०१३ साली त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिलाच. पण पुष्कळ मृत्यू उन्हाच्या नावावर लिहिलेच जात नाहीत. कोणी हृदयविकाराने गेला, कोणी म्हातारपणाने गेला, असं लिहिलं जातं. कोणाच्या अंगावर किती ऊन आलं होतं हे कळल्याशिवाय खरं कारण उमगत नाही, आणि मदत कोणाच्या दारात पोचवायची तेही कळत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या ऊसतोड कामगारांशी मिळतंजुळतं आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड करणाऱ्या तरण्याताठ्या माणसांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी हा आजार. रोजच्या रोज उन्हात जड काम आणि शरीरातलं पाणी आटणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. तिथं आता पाणी, विश्रांती आणि सावली या तिन्हींची कामातच व्यवस्था करण्याचे प्रयत्न झाले आहेत. तेव्हा उन्हाचा फटका एका दुपारीच बसतो असं नाही. तो वर्षानुवर्षं साठतही जातो.

उन्हाची वही

आता तुम्ही म्हणाल, ती बटणाची यंत्रं आम्ही कुठून आणायची? आणायची गरज नाही. मुलांची एक जुनी वही घ्या. घरातल्या प्रत्येक माणसाला एक पान द्या. लहान मूल, म्हातारं माणूस, सालगडी, कोणालाही वगळू नका. उन्हाळ्यातले सात दिवस रोज रात्री जेवणानंतर पाच गोष्टी लिहा. घरातली शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदाने करील.

१. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात हा माणूस कुठं होता? उघड्या शेतात, झाडाखाली, पत्र्याखाली, स्लॅबखाली की चुलीपाशी? प्रत्येक ठिकाणी किती वेळ?

२. काम कसं होतं? बैठं, मध्यम की जड?

३. पाणी किती तांबे प्यायला? लघवीला किती वेळा गेला आणि रंग कसा होता? फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी, तेलासारखी आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी पडतं आहे.

४. डोकं दुखलं, चक्कर आली, पायात गोळे आले, मळमळलं, असं काही झालं का?

५. रात्री झोप लागली का? दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवायला हवं. स्लॅबचं घर रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतं. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, तर तिसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं.

जड काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सोपी तपासणी आहे. धान्याच्या काट्यावर कामाला जाताना आणि आल्यावर वजन करा. अंगावर कपडे तेवढेच आणि कोरडे असावेत. एक किलो वजन घटलं तर समजा की प्यायलेल्या पाण्यापेक्षा एक लिटर पाणी जास्त गेलं. पन्नास किलोच्या माणसाचं एक किलोपेक्षा जास्त वजन एका दिवसात घटत असेल, तर तो पाणी फार कमी पितो आहे हे नक्की.

आठव्या दिवशी सगळी पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणाचं ऊन सर्वांत जास्त आहे ते आपोआप दिसेल. बहुतेक वेळा ते तुम्हाला वाटलं त्याचं नसतं. एक गोष्ट तर हमखास दिसेल. बायामाणसांच्या पानावर पाण्याचे तांबे कमी असतील. शेतात आडोसा नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणी टाळतात. त्यांना "पाणी पीत जा" असा उपदेश करून भागणार नाही. बांधावर चार तुराट्यांचे कूड उभे करून आडोसा करून द्या. माझ्या मते तोसुद्धा उष्माघातावरचा इलाज आहे.

वही वाचून काय करावे?

ज्याचं त्याचं ऊन निराळं, तसा उपायही निराळा.

शेतात जड काम करणाऱ्याने ते पहाटे आणि सकाळी उरकावं. तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. एकदम तांब्याभर पिऊन मग तीन तास काहीच नाही, असं करू नये. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणीही पिऊ नये. घाम फार जात असेल तर मीठ घातलेलं ताक, लिंबाचं सरबत घ्यावं. क्षारसंजीवनीचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. चमचा चहाचाच घ्यावा. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा आजार असणाऱ्यांनी पाणी-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. गोळी मनाने बंद करू नये.

नव्या मजुराकडे खास लक्ष द्या. आजारातून उठलेला, परगावाहून आलेला किंवा हंगामातला पहिलाच दिवस असलेला माणूस उन्हाला सरावलेला नसतो. शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याच्याकडून नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच उन्हातलं काम घ्या आणि मग रोज थोडं वाढवत न्या. रोपवाटिकेतलं रोप आपण एकदम उन्हात लावतो का? आधी पाणी तोडून, ऊन दाखवून ते काटक करतो. माणसालाही तेवढीच सवलत द्यावी. उक्त्या कामाच्या मजुराला विश्रांती परवडत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून दर ठरवतानाच विश्रांतीची वेळ धरावी, अशी माझी शेतमालकांना विनंती आहे.

घरात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी पत्र्यावर चुना मारावा, किंवा वर पऱ्हाट्या, कडबा, गोणपाट यांचा थर द्यावा. जाळापासून मात्र तो लांब असावा. दुपारी त्यांची बाज झाडाखाली किंवा ओसरीवर, जिथं वारा असेल तिथं हलवावी. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा आणि दुपारी दोनदा कोणीतरी डोकावून जावं. हवा ४० अंशांवर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा आधी अंग ओल्या फडक्याने पुसावं, मग पंखा लावावा.

उष्माघात ओळखा

माणूस बरळू लागला, ओळख विसरला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका. काम करता करता कोसळलेल्या माणसाला घाम असू शकतो. ताबडतोब १०८ ला फोन करा. पण गाडीची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघा यांत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं काम करीत नाही. आणि खिशात कांदा ठेवून शरीराचा ताप उतरत नाही. कांदा भाकरीबरोबर खायला चांगला!

शेवटी गावासाठी एक सांगणं. हवामान खातं मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढला, अथवा ४५ वर गेला, की उष्णतेची लाट जाहीर करतं. तो इशारा ऐकाच. पण तो साऱ्या भागासाठी असतो. आपल्या गावात त्या दिवशी कोणाच्या दारात जायचं, हे तो इशारा सांगू शकत नाही. ते तुमच्या वह्या सांगतील. ग्रामपंचायतीने आशाताईंच्या मदतीने अशा घरांची यादी करावी. एकटं राहणारं म्हातारं माणूस, पत्र्याचं बंद घर, बाळंतीण, नवा मजूर. लाटेच्या दिवसांत या यादीतल्या प्रत्येक दारावर दिवसातून एकदा तरी थाप पडली पाहिजे.

त्या आजी आता दुपारी निंबाखालच्या बाजेवर असतात. पत्र्यावर चुना मारला आहे आणि न्हाणीघराला लागूनच संडास बांधून घेतला आहे. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा नातीने वही पुढं केली. आजीच्या पानावर लिहिलं होतं, पाणी सात तांबे. आजी म्हणाल्या, "एक तांब्या पोरीनं वाढवून लिहिलाय, साहेब. सहाच प्याले." मी म्हटलं, आजी, सहा तर सहा. खरा आकडा लिहिला म्हणजे झालं.

बंधू-भगिनींनो, आपण मातीची परीक्षा करून मग खत घालतो. दुधाची धार मोजून जनावराचा खुराक ठरवतो. मग आपल्याच घरातल्या माणसाचं ऊन तेवढं अंदाजावर का सोडावं? आज रात्रीच वही काढा आणि पहिलं पान घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या नावाने लिहा.